न निवणारा दगड

कपाशी वेचून बाया घराकडे निघाल्या होत्या, तेव्हा पश्चिमेकडून एक हिरवट-पांढरा गोळा आभाळ चिरत आला. सगळं शिवार लख्ख उजळलं, गोळ्याचे तुकडे झाले आणि काही वेळाने गडगडाट ऐकू आला. शिंदखेड्यापासून पार रावेरपर्यंत जो तो शपथेवर सांगू लागला, की तो आपल्याच शेतामागे पडला.

सापडला मात्र फक्त तेजोनाथ महाराजांना. हे महाराज कालपरवापर्यंत आठवडे बाजारात दातदुखीचं मलम विकत होते. आता गावाबाहेर पत्र्याच्या मांडवात, घमेल्यात एक काळा, भोकाभोकांचा दगड ठेवून ते बसले. सूर्यदेवाने आपला अंश खास त्यांच्या पत्त्यावर धाडला होता म्हणे. दगडावर तीर्थ ओतून मंत्र पुटपुटला, की वाफा निघत. दिवस उलटले तरी दगड निवेना, आणि नारळ घेऊन येणाऱ्यांची रांग आटेना. त्यावर पाय टेकला की व्याधी जळते आणि खऱ्या भक्ताला चटका बसत नाही, ही महाराजांची हमी. बसलाच, तर खोट भक्तीत. दगडात कधीच नाही.

गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मोनाली यांनी आधी हे हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी लोटन आपल्या आईला, बेबाबाईला, उचलूनच घेऊन आला. बाईंना जुना साखरेचा आजार. तळपाय भाजून सोलवटला होता आणि चेहरा मात्र समाधानी.

"ताई, माले चटकाच लागना नही. देवनी दया शे," त्या म्हणाल्या. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी इन्सुलिनही सोडलं होतं.

मोनालींच्या अंगाचा तिळपापड झाला. साखरेने पायाची जाणीवच मेली आहे, म्हणून चटका कळला नाही, हे त्यांनी लोटनला समजावलं. पाय वाचेलच असं सांगता येत नाही, हेही लपवलं नाही. जखम धुताना बोटांच्या बेचक्यांत पांढरा चिकट थर दिसला, तेव्हा दगडाखाली काहीतरी लपवलंय, अशी शंका त्यांना आली.

बेबाबाईला धुळ्याच्या दवाखान्यात दाखल करून लोटन परतला. तो आणि मोनाली थेट मांडवात गेले. दगड उघड्या जमिनीवर ठेवा आणि निवतो का बघू, एवढंच त्यांनी मागितलं. महाराज गरजले, की शिवार जळून खाक होईल आणि पाप डॉक्टरीणबाईंच्या माथी बसेल. तोवर लोटनने हाताला गोणपाट गुंडाळून दगड खाली ओढला होता.

शिवार जळलं नाही. घमेल्यात पांढरे खडे तेवढे रटरटत होते. रांगेतले एक आबा वाकून बघत म्हणाले, "हाऊ ते कळीना चुना शे."

पाणी पडलं की कळीचा चुना उकळतो, आणि रोज ताजे खडे भरले की वरचा दगड निवत नाही. मंत्र म्हटला काय, न म्हटला काय. दगड थोड्या वेळात गार पडला. लोटनने तो फोडला, तर आत लाल वीट. भट्टीत वितळलेल्या विटांचा तो गोळा. तोवर महाराज मागच्या बाजूने पसार झाले होते. पोलिसांनी त्यांना दोंडाईच्याच्या स्थानकावर धरलं.

मोनालींनी रांगेला सांगितलं, की तो प्रकाश फार उंचावर पेटला आणि तिथेच विझला. खूप उंच असल्यानेच तो प्रत्येकाला जवळ वाटला. त्याचा एखादा दगड खाली आलाच, तरी वाटेतच निवतो.

बेबाबाईचा पाय घोट्यापासून काढावा लागला.

आभाळात दिसलं ते खरं होतं आणि डोळे भरून पाहण्याजोगं होतं. पण त्याचा अर्थ सांगायला कुणी घमेलं घेऊन बसला, तर नारळ फोडण्याआधी दगड उचलून खाली काय आहे ते बघा.