ब्रेकवर डावा पाय

"थांब!" नवरा ओरडला आणि मी ब्रेक दाबला. दारात उभ्या असलेल्या बंद गाडीत, डाव्या पायाने.

"एक पूर्णांक एक," त्याने स्टॉपवॉच पाहून सांगितलं. "दहा वेळा झालं. आता यापेक्षा कमी होणार नाही."

उजव्या पायाचा आकडा मला पाठ होता: शून्य पूर्णांक सहा. म्हणजे फरक अर्ध्या सेकंदाचा. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने गाडी तेवढ्यात चार मीटर जाते, जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी.

उजवा पाय परवापासून गेला होता. गाउट. अंगठ्याच्या मुळाशी, सांध्यात, यूरिक ॲसिडचे सुईसारखे बारीक स्फटिक साचतात आणि एके दिवशी सांधा भडकतो. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात अंगठा लालभडक होऊन तकाकतो, पातळ चादरीचं वजनही सोसत नाही, पंख्याचा वारा लागला तरी ठणका थेट मस्तकात जातो. माझा हा चौथा झटका. गोळ्या चालू होत्या, तांब्यावर तांब्या पाणी चाललं होतं, आणि नवऱ्याने आपल्या जुन्या बुटाचं तोंड कापून अंगठ्याला खिडकी करून दिली होती.

"राणीसाहेब, घरी बसा," तो म्हणाला. "हा राजेलोकांचा आजार. ते काही कोणाला गाडी शिकवत नव्हते."

"आज तिची परीक्षा आहे."

ती म्हणजे माझी विद्यार्थिनी, आरोग्यकेंद्रातली नर्स. परीक्षेत शिक्षकाने शेजारी बसायचं, परीक्षकाने मागे. शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो विद्यार्थ्याच्या ब्रेकला जोडलेला. तिने दाबला की माझंही पॅडल खाली जातं. पण माझ्या पायाने दाबलं तर बझर वाजतो आणि विद्यार्थी नापास. दोनदा बझर वाजला होता. दोन्ही वेळा ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "काकू, मी दाबणारच होते!" आणि मी म्हणाले होते, सगळे असंच म्हणतात.

ही तिसरी, शेवटची संधी. सोमवारपासून तिला डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर बाळंतपणांसाठी स्वतः गाडी घेऊन जायचं होतं. परवाना नसेल, तर ती जागा दुसरीला. माझ्याऐवजी बसायला दुसरा शिक्षक मिळाला नव्हता.

परीक्षा केंद्रावर ती धावतच आली. माझा बूट पाहून थबकली. "अगं बाई! काकू, हा बूट आहे की मांजराची गुहा?"

परीक्षक म्हणजे चष्म्यावरून बघणारे शांत गृहस्थ. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला डाव्या पायाने तीनदा ब्रेक दाबायला लावला, तिन्ही वेळा बझर ऐकला आणि मान डोलावली. "चालेल. नियम माहीत आहे ना? शिक्षकाने तोंडातून आवाज काढायचा नाही. साधं 'हं'सुद्धा खूण धरली जाते."

निघालो. उजवा पाय गिअरच्या बाजूला तिरका ठेवला होता. पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी उसळली, अंगठा गिअरखालच्या खोक्याला घासला आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. ओरडायचं नाही! मी रुमाल दातांत धरला. दुसऱ्या स्पीडब्रेकरला डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्याला मी मनातल्या मनात मूळ संख्या मोजायला घेतल्या आणि एकेचाळीसपर्यंत पोचले. पण ती काय सुरेख चालवत होती! आरसा, इशारा, वळण. चौकात बस आली, तिने बसला वाट दिली. उजवीकडून सायकलवाला घुसला, तिने नजरेनेच त्याला टिपला. माझं काळीज इतकं धडधडत होतं की ठणक्याची आणि त्याची लय एक झाली.

शेवटची गल्ली. डाव्या कडेला सामानाचा टेम्पो उभा. आम्ही त्याच्याजवळ पोचतो न पोचतो तोच टेम्पोमागून एक गादी बाहेर आली. भलीमोठी, उभी गादी, आणि खाली चार पाय.

ब्रेक!

सवयीने उजवा पाय हलला आणि अंगठ्यात सुऱ्या फिरल्या. तो तिथेच राहिला. डावा उचलला, आणला, आणि तळवा टेकायच्या आत पॅडल खाली जाताना दिसलं. आपोआप. माझ्या बोटांखाली रिकामी जागा. गाडी थांबली. गादी आमच्या दिव्यांपासून दीड मीटरवर होती.

बझर वाजला नव्हता.

गादीआडून एक माणूस डोकावला. "दिसत नाही का?" तो ओरडला.

"तुम्हाला दिसतंय का, ते बघा आधी!" ती खिडकीतून म्हणाली आणि मग घाबरून आरशात परीक्षकांकडे पाहू लागली.

"बोललात त्याचे गुण जात नाहीत," ते म्हणाले.

केंद्राशी गाडी लावून झाली. परीक्षकांनी कागदावर शिक्का मारला आणि पुढे केला. "उत्तीर्ण. छान थांबवलीत."

"मी आता ओरडले तर चालेल का?" मी विचारलं.

"खुशाल."

मी ओरडले. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. नर्स एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि माझी नाडी बघत होती.

"ऐक," मी म्हणाले. "मागच्या दोन्ही वेळा तू दाबणारच होतीस. माझा पाय तुझ्याआधी पोचत होता. चूक माझी होती गं."

तिने नाडी सोडली. मग म्हणाली, "चार महिने गेले, काकू. चार महिने मला वाटत होतं, माझ्याच पायात काहीतरी कमी आहे."

"माहीत आहे."

"नाही माहीत तुम्हाला." तिने नाक पुसलं. "चला, घरी सोडते."

मी मागचं दार उघडलं आणि पाय लांब करून आडवी बसले.

"तिकडे ब्रेक नाहीये," ती म्हणाली.

"म्हणूनच."

तिने गाडी काढली. कोपऱ्यावर ती इतकी अलगद वळली की मागच्या मोटारीने कर्णा वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. "वाजव, वाजव," ती आरशात बघून म्हणाली, "माझ्या गाडीत पेशंट आहे!"