गादीवरून गेलेलं वाक्य

"...आणि बायांनो, त्या रोगाच्या वर्षीसुद्धा आपल्या राजानं एकाही माणसाला उघड्यावर टाकलं नाही!"

शिवलीलानं वाक्य टिपेला नेऊन सोडलं, उजवा हात वर केला आणि मागून थापेची वाट पाहिली.

थाप आली नाही.

कीर्तनाचा तो क्षण मोठा नाजूक असतो. उभं राहणाऱ्यानं शब्दाचा पतंग वर सोडायचा, मृदंगानं त्याला वारा द्यायचा, मग टाळ उसळायचे आणि ऐकणाऱ्याचं देहभान सुटायचं. कॉलनीतल्या पत्र्याच्या महादेव मंदिरात दर सोमवारी हे बिनचूक घडत आलं होतं. मृदंगावर बजाबाई असली की शिवलीलाला मागं वळून पाहावं लागत नसे. स्वतःच्या पाठीला डोळे असावेत तशी ती बजाबाई.

आज शिवलीला वळली. बजाबाईचे दोन्ही तळवे मृदंगावर उताणे पडले होते. डाव्या तोंडाला लावलेली ओली कणीक तिच्या बोटांना चिकटली होती आणि ती शिवलीलाकडे पाहत होती. रागानं नव्हे. बाजारात अनोळखी माणसाला पाहावं तशी.

"हर हर महादेव!" शिवलीलानं कसाबसा गजर उचलला. टाळवाल्या बायका गोंधळल्या, कुणी आधी वाजवले, कुणी मागून. पहिल्या रांगेत अभिमन्यू मोबाईल धरून बसला होता. वॉर्डातला पक्षाचा पोरगा, गळ्यात उपरणं. त्याला काही कळलं नाही. त्यानं टाळी वाजवली.

आरतीच्या आधीच बजाबाईनं मृदंगाची कणीक खरवडून काढली, गाईला घालायला पदराच्या टोकात बांधली, मृदंग खोळीत घालून कोपऱ्यात टेकवला आणि प्रसाद न घेता ती निघून गेली.

"चालत्या कीर्तनात हात थांबविला म्हणजे देवाचं तोंड दाबलं की!" गिरिजाबाई टाळ गुंडाळत म्हणाली. तिला कुठल्याही भांडणाचा वास आधी येई. "लई माज आला हाय तिला. तू काय चुकीचं बोललीस गं, शिवलीला?"

शिवलीलानं समईची वात सारखी केली. काय चुकलं ते तिला ठाऊक होतं. ते वाक्य तोंडातून बाहेर पडून गाभाऱ्यापर्यंत पोचायच्या आतच ठाऊक झालं होतं.

*

शिवलीला त्या राजावर, म्हणजे दिल्लीतल्या त्या नेत्यावर, जीव टाकायची. त्याचं कारण कुणी विचारलं तर ती दाराकडे बोट दाखवी. दारावर पितळी पाटी होती: सौ. शिवलीला चन्नप्पा बिराजदार. चन्नप्पा जाऊन किती वर्षं झाली, तरी 'सौ.' तसंच होतं. पाटी करणाऱ्यानं सवयीनं घातलं, तिनंही काढायला लावलं नाही. नवऱ्याच्या तेराव्याला दिरांनी तिला अक्कलकोटकडच्या घरातून बाहेर काढलं, तेव्हा थोरला दीर म्हणाला होता, "कागदावर तुझं नाव कुठंय, दाखव." त्यानंतर सोलापुरात भाड्याच्या खोल्या. पाणी लवकर संपवते म्हणून एका मालकिणीनं घालवलं, सकाळी भजन म्हणते म्हणून दुसरीनं. मग योजनेतलं हे घर आलं. कागदावर बाईचं नाव असलं पाहिजे, असा नियमच होता म्हणे. नोंदणीच्या कचेरीत तिनं अंगठ्याऐवजी सही केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसून पोटभर रडली. शेजारी बसून पाठीवरून हात फिरवणारी बजाबाईच होती. तिलाही त्याच गल्लीत घर लागलं होतं.

तो राजा शहाणा की खुळा, लोक त्याच्याबद्दल इंग्रजीतून काय बोलतात, हे शिवलीलाला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की आता "कागदावर तुझं नाव कुठंय" असं तिला कुणी विचारू शकत नव्हतं.

आणि त्या सोमवारी उपकाराच्या भरात, कीर्तन रंगात आलेलं असताना, जीभ एक पाऊल पुढं गेली होती.

*

दुसऱ्या दिवशी युनिफॉर्मच्या कारखान्यात सगळ्यांच्या मोबाईलवर शिवलीला होती. अभिमन्यूनं व्हिडिओ सगळीकडे पसरवला होता. नेमकं तेच वाक्य, वर झेंड्याचं चित्र, खाली जोडलेल्या हातांचं.

"आता काय बाबा, आमच्या मशीनवर सेलिब्रिटी!" नीलम्मा म्हणाली. "सही दे गं, शर्टाच्या आत मारून ठेवते."

बायका हसल्या. बजाबाई हसली नाही. ती कॉलर शिवायची, शिवलीला ती शर्टाला जोडायची. एकीचं काम दुसरीच्या हातात जायचं. एरवी बजाबाई कॉलरींचा गठ्ठा सरकवताना कोपरानं ढोसायची, "घे गं, गळा धर." आज गठ्ठे नुसते येत होते. एकही कॉलर वाकडी नव्हती आणि एकही शब्द नव्हता.

जेवायच्या सुट्टीत बजाबाई आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन मागच्या जिन्यावर जाऊन बसली. शिवलीला तिच्यामागं गेली. खालच्या पायरीवर टेकली.

"बजाक्का, सगळ्यांपुढं माझा पाणउतारा केलास."

"केला."

"मी राजाचं नाव घेतलं म्हणून?"

बजाबाईनं भाकरीचा तुकडा चटणीत दाबला. "नाव रोज घेतीस. म्या कदी हात थांबवला का? तुजी भक्ती तुज्यापाशी. तुला घर भेटलं, तू गुण गा. पर तू काय म्हनलीस? कुणाला उगड्यावर टाकलं न्हाई? शिवलीला, रिक्षात कोन हुतं गं माझ्यासंगं?"

शिवलीलाची मान खाली गेली. करोनाच्या दुसऱ्या लाटेतली ती दुपार. जोतीरामभाऊ, बजाबाईचा नवरा, मार्केट यार्डातला हमाल, पोत्यासारखा दोघींच्या मांडीवर आडवा. एका दवाखान्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात. सगळीकडे आतून हातच हलायचा, खाट नाही.

"मी होते," ती म्हणाली. "पण बजाक्का, खाट नव्हती यात त्याचा काय दोष गं? दिल्लीत बसलेला माणूस सोलापुरातली खाट मोजणार का? त्यानं रेशन दिलं, लस दिली—"

"लसीच्या कागदावर फोटू कुणाचा हुता?"

"त्याचा."

"रेशनच्या पिशवीवर?"

"त्याचाच की."

"मग तांदूळ भेटला तर त्येनं दिला, अन् खाट न्हाई भेटली तर कुणीच न्हाई? असा कसा गं हिशोब तुजा?" बजाबाईचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "त्या दिवशी दवाखान्याच्या दारात टीव्ही चालू हुता. कुटल्या तरी मुलकात सभा चालली हुती. गर्दीच गर्दी. आन् माझा धनी हितं वाऱ्याला म्हाग. ते चित्र माझ्या डोळ्याम्होरनं हालत न्हाई. तुज्या डोळ्याम्होर पाटी हाय, माझ्या डोळ्याम्होर त्यो टीव्ही."

"तूबी त्याच योजनेच्या घरात राहतेस की!" शिवलीलाच्या तोंडून निघून गेलं.

"ऱ्हाते. म्हनून काय धनी उगड्यावर न्हाई ग्येला म्हनू?" बजाबाईनं डबा बंद केला. "दुसऱ्या कुनी म्हनलं असतं तर म्या थुकले असते आन् पुढं ग्येले असते. तू रिक्षात हुतीस. आन् तू ते नारदाच्या गादीवर हुभी ऱ्हाऊन म्हनलीस."

शिवलीलाचे वडील गावोगाव शिवकीर्तनं करायचे. चटईच्या ज्या तुकड्यावर कीर्तनकार उभा राहतो, ती नारदाची गादी; तिथं आपलं काही बोलायचं नसतं, आणि खोटं तर नाहीच, असं ते सांगत. कानडीतून सांगत, आणि सांगताना स्वतःचे कान धरत.

*

संध्याकाळी अभिमन्यू दारात हजर. चप्पल काढून आत आला, वाकून पाया पडला. पोरगा वाईट नव्हता. नळाला पाणी आलं नाही तर हाच टाकी आणायचा.

"मावशी, शनिवारी सभा. खुद्द दिल्लीचे साहेब येणार. साहेब यायच्या आधी स्टेजवरून तुमचं कीर्तन, दहा मिनिटं. वरनं ओके झालंय. फक्त ते वाक्य पायजे. रोगाच्या वर्षीचं."

शिवलीलानं नकळत पदर सारखा केला. साहेब. समोर. आपला आवाज त्या मैदानात. जन्मात पुन्हा असा योग नव्हता.

"दुसरं काही म्हणते," ती म्हणाली. "घराचं सांगते. माझं नाव कागदावर आलं, ते सांगते. ते खरं आहे."

"घराचं सगळेच सांगतात ओ. लोकांना हेच भिडलंय. पाच लाख लोकांनी बघितलंय म्हणतात."

"ते खोटं आहे, अभिमन्यू."

तो हसला. "मावशी, कीर्तनात काय सगळं खरं असतं का? राक्षस, उडते घोडे..."

"राक्षसाचं खोटं कुणाच्या काळजाला भोक पाडत नाही."

त्याचं हसू विरलं. भिंतीवर, महादेवाच्या तसबिरीशेजारी, तिनं स्वतः लावलेल्या साहेबांच्या फोटोकडे त्यानं पाहिलं. "ती मृदंगवाली म्हातारी फितवतेय तुम्हाला. बघा मावशी, उपकार विसरू नये माणसानं. देवळाचा मंडप पक्का करायचं मी वर बोललोय. आता मी काय सांगू तिकडं? बाई फिरली म्हणून?"

"फिरले नाही. शनिवारी येते. झेंडा दे, तोही धरते. मत त्यालाच देणार, हे तुझ्या वरच्यांना सांग. पण खाली बसून. गादीवरून नाही."

"म्हणजे नाहीच ना?"

"नाही."

त्यानं चप्पल घातली. जाताना त्यानं दारावरच्या पाटीकडे असं पाहिलं, की शिवलीलानं त्या रात्री कडी दोनदा तपासली.

शनिवारी ती गेली. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, मैदानाच्या पार मागं बसली. साहेब दुरून अंगठ्याएवढे दिसत होते. त्यांनी आईच्या कष्टांची गोष्ट सांगितली तेव्हा तिचे डोळे भरून आले, खरोखर भरून आले, आणि घोषणा देऊन देऊन घसा बसला. घरी येताना तिला वाटलं, हे प्रेम खोटं नाही. मग छातीवरचा दगड का हलत नाही?

*

सोमवारी देऊळ कधी नव्हे एवढं भरलं. कीर्तनापेक्षा तमाशा पाहायला माणसं आली होती. अभिमन्यू आणि त्याच्याबरोबरची चार पोरं दारातच हाताची घडी घालून उभी. बायकांच्याही दोन रांगा पडल्या होत्या, मधे सरळ वाट. खोळीतला मृदंग कोपऱ्यात भिंतीला टेकून होता. त्याला कुणी हात लावला नाही.

नुसत्या टाळांवर पूर्वरंग झाला. मृदंगाशिवाय कीर्तन म्हणजे मीठ नसलेली आमटी. शिवलीलाचे शब्द कोरडे पडत होते. मध्यंतरी गिरिजाबाईनं तिच्या कपाळाला बुक्का लावला आणि कानात पुटपुटली, "गुमान देवाची गोष्ट सांग आन् मोकळी हो. पोरं बघितलीस का दारात?"

शिवलीलानं पाहिली होती. आणि त्यांच्याही मागं, चपलांच्या ढिगापाशी खांबाला टेकून उभी असलेली बजाबाईही पाहिली होती. ती कधी आली, कुणाला कळलं नव्हतं.

शिवलीलानं हात जोडले.

"आज आख्यान नाही. गेल्या सोमवारी या गादीवरून माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. तुम्ही ऐकलंत, पुढं मोबाईलवर जगानं ऐकलं. ते खोटं होतं. चुकून नाही. मला माहीत असताना."

दारातल्या घड्या सुटल्या.

"मावशी, राजकारण नको हितं!" एक पोरगा ओरडला.

"गेल्या सोमवारी केलं तेव्हा टाळ्या वाजवल्यास की रे," शिवलीला म्हणाली. हसलं कुणीच नाही. "माझं मत कुणाला, ते मी लपवलेलं नाही. ज्यानं माझं नाव कागदावर आणलं त्याला मी विसरणार नाही. पण ज्या वर्षी कुणी उघड्यावर पडलं नाही असं मी म्हणाले, त्या वर्षी आपल्याच गल्लीतले जोतीरामभाऊ भर रस्त्यात, रिक्षात गेले. मी त्या रिक्षात होते. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

दोन बाया उठून चालू लागल्या. अभिमन्यूनं पोरांना खूण केली. चपला शोधण्याचा आवाज मोठा झाला, मुद्दाम मोठा. शिवलीलाचा आवाज तेवढा उभा राहिला.

"श्वास लागला होता. बोलता येत नव्हतं. शेवटी ते पाणी मागत होते आणि—"

"पाणी न्हवं."

खांबापासून आवाज आला. सगळ्या माना तिकडे वळल्या. चपला शोधणारे हातही थांबले.

"च्या मागितला हुता त्येनी," बजाबाई म्हणाली. "म्या म्हनलं, साकर वाडंल तुमची. म्हनले, वाडू दे आता."

शिवलीलाचे ओठ हलले, पण पुढचा शब्द तिचा नव्हता. तो तिला म्हणायचाही नव्हता. ती गादीवरून एक पाऊल बाजूला सरली. समईच्या उजेडात चटईचा तो तुकडा रिकामा राहिला, आणि दारापाशी उभी असलेली बजाबाई, पुढं न येता, एका हातानं खांब धरून सांगत राहिली, "रिक्षावाला म्हनला, बगतो कुटं भेटतो का. पर टपऱ्या समद्या बंद की..."

टाळवाल्या बायकांनी टाळ छातीशी धरले होते, वाजू नयेत म्हणून.