झैनच्या कॅसेटची दुसरी बाजू

"गप र‍्हावा सगळी. आता बोलेल तो," आसिया म्हणाली.

टेपरेकॉर्डरमधून धप धप धप एवढंच येत होतं. मधेच शिट्टीसारखं काहीतरी वर वर चढत गेलं, आता फुटणार असं वाटलं, आणि पुन्हा धप धप सुरू झालं. राजिवड्यातल्या त्या ओटीवर चहा निवत चालला होता, तरी कुणी कपाला हात लावला नव्हता. दुबईहून झैनची कॅसेट आली की आधी त्याचा सलाम ऐकायचा आणि मग चहा, ही त्या घराची रीत होती.

"बोलतो कवा पण?" यासीनभाईंनी विचारलं. हे आसियाचे मोठे दीर. मिरकरवाडा बंदरात त्यांची स्वतःची मासेमारीची लाँच होती, आणि वाट बघायची सवय त्यांना फक्त माशांच्या बाबतीत होती.

"गाणा संपला की बोलेल."

गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. ते पहिल्यासारखंच होतं, फक्त जास्त घाईत होतं.

खरं म्हणजे झैनने फोनवर सगळं सांगितलं होतं. शेजारच्या रुबिनाकडे त्याचा फोन आला तेव्हा आसिया पिठाच्या हातांनी तशीच धावली होती. हॉटेलात इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेला पोरगा तिथल्या नाचाच्या हॉलमध्ये गाणी वाजवायला लागला, लोक त्याला डीजे म्हणायला लागले, इथपर्यंत तिने पचवलं होतं. आता त्याने स्टुडिओत बसून स्वतःचा अल्बम केला होता. "अम्मा, हितं लोकांची दोन मतां हायत," तो म्हणाला होता. "कोण बोलतो नाचायला झकास, कोण बोलतो घरी बसून ऐकवत नाय. कंपनी आणखी एका अल्बमचा करार करायला बगते. मना सही करायची हाय. मी कॅसेट पाठवतो, तुमी सगळी ऐका नि काय वाटता ता भरून पाठवा. नको बोललात तर येतो घरी. चाचांच्या लाँचवर बसतो."

एवढ्या बोलण्यातलं 'येतो घरी' तेवढं आसियाने पदराला बांधून आणलं. बाकीचं रुबिनाच्या दारातच राहिलं. कॅसेटीत गाणी आहेत हे तिला कळलं होतं. पण गाणी असली म्हणून काय झालं, पोरगा आधी आईला सलाम तरी करेलच की.

त्या घरात कॅसेट म्हणजे पत्र. नवरा अली जहाजावर होता तेव्हापासूनची ही चाल. कॅसेटीची पहिली बाजू परदेशातल्या माणसाने भरायची, दुसरी घरच्यांनी, आणि कुणी जाणारा मिळाला की त्याच्याकडे ती परत द्यायची. पुढे अली जहाज सोडून घरी बसला आणि झैन दुबईला गेला. मग अली या बाजूने बोलायला लागला. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोललेला माणूस. टेपसमोर बसला की तो पहिल्यांदा खाकरायचा आणि विचारायचा, "झैन बाबा, आवाज येतोय काय?" आणि थांबायचा. खरोखर थांबायचा. "अवो, कोण जबाब देणार हाय तुमाला?" म्हणून आसिया दर वेळी हसायची. अली काही सुधारला नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी अली गेला. झैनला सुट्टी मिळेपर्यंत मातीसुद्धा होऊन गेली होती. आणि मग आसियाच्या लक्षात आलं की घरात अलीचा आवाज कुठेच नाही. जहाजावरच्या कॅसेटी पुन्हा पुन्हा भरून पुसल्या गेल्या होत्या, आणि नंतर तो जे जे बोलला ते सगळं दुबईला गेलं होतं. त्याचा चष्मा होता, चपला होत्या, आवाज तेवढा नव्हता. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. रडायला कारणं कमी होती असं नव्हतं.

पहिली बाजू संपली आणि टेपचं बटण खट्कन वर आलं.

"म्हंजे बोललाच नाय?" यासीनभाई म्हणाले.

"चाचा, ता अल्बम हाय," इरम म्हणाली. झैनची ही धाकटी बहीण, बारावीला होती आणि घरातली टेप तीच चालवायची. "त्याच्यात बोलत नायत."

"मग पैसा खर्चून ह्या पाठवला कशाला?"

"मत द्यायला," आसिया म्हणाली. "चला, भरूया. अमनला गाडी हाय सांजची."

अमन म्हणजे रुबिनाचा नवरा. दुबईत टॅक्सी चालवायचा आणि सुट्टी संपवून त्याच दिवशी परत निघाला होता. त्याच्या बॅगेत झैनसाठी सोड्यांचं पुडकं आधीच जाऊन बसलं होतं. वाळवलेल्या कोळंबीचा वास कॅसेटीला लागू नये म्हणून आसियाने रुमाल धुऊन ठेवला होता.

इरमने कॅसेट उलटी करून घातली. दुसरी बाजू घरच्यांची, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही दाबून तिने खूण केली. वयाने मोठा माणूस आधी बोलतो.

"अस्सलाम आलैकुम झैन. मी यासीनचाचा. तुझा बाजा ऐकला. माझ्या लाँचचा इंजिन बिघडला की डिट्टो असाच वाजता. तवा तू ये नि तो दुरुस्त कर. ह्याच्यात शब्द नाय, माणूस नाय. मना इचारशील तर ह्या काम आपला नाय." बोलून झाल्यावर आपण फार कडू बोललो असं त्यांना वाटलं असावं. ते पुन्हा टेपकडे वाकले. "तब्येत सांभाळ. जेवत जा."

मग नाक्यावरचे आप्पा बोलले. गणपतीत आणि लग्नसराईत लाउडस्पीकर भाड्याने देणारे. पोरवयात झैन त्यांच्याच वायरी उचलत फिरायचा, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावणं होतं. "झैन, हे माझ्या कर्ण्यावर लावलं तर कर्णा फुटेल बाबा," आप्पा म्हणाले. "पण इतका वेळ वाजला, ताल कुठं पळाला नाय, कुठं बसला नाय. मला आवडलं असं मी म्हणणार नाय. पण वाईट म्हणायला जीभ रेटत नाय."

"मी टॅक्सीत लावीन," अमन म्हणाला. "पाशिंजर मधेच उतरून गेला तर तुझ्याकडं भाड्याचा पैसा मागायला येईन."

रुबिनाने मांडीवरच्या बाळाकडे बोट दाखवलं, जणू झैनला ते दिसणार होतं. "ह्यो रात रात झोपत नाय. तुझा धप धप ऐकून गाढ झोपला बग. मना त्याच्यासाठी आणखी एक कॅसेट पाठव."

सगळे हसले. हसू टेपमध्ये जाऊ दिलं. इरमने तिसरं गाणं आवडल्याचं सांगितलं, पहिलं अजिबात आवडलं नाही हेही सांगितलं, आणि मैत्रिणींना ऐकवल्याशिवाय राहणार नाही असं पुढे जोडलं. मग टेप आईकडे सरकवली.

आसिया पदर सावरून बसली. गेले आठ दिवस ती हेच बोलणं मनात घोळवत होती.

"झैन, मी सगळा ऐकला. शेवटपर्यंत तुझी वाट बगत बसले. तू एक शब्द बोलला नायस. मना नाय आवडला. कसा आवडेल? तू सही करू नको. घरी ये. तुझी खोली झाडून ठेवलेली हाय. अब्बा गेले तवापास्ना ह्या घरात पुरुष माणसाचा आवाज नाय. ये घरी, बाबा."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पोरानेच खरं मत मागितलं होतं आणि खरं मत तिच्या फायद्याचं निघालं, यात तिचा काय दोष? यासीनभाईंनी मान हलवली, टोपी घातली आणि असरच्या नमाजाला निघाले. लाँचला घरचा माणूस मिळणार म्हणून त्यांची पावलं हलकी पडत होती. अमन आणि रुबिना बॅगा बांधायला गेले. आप्पा गार झालेला चहा पीत बसले.

भरलेली कॅसेट ऐकून बघितल्याशिवाय द्यायची नाही, हा अलीचा नियम होता. एकदा सगळं घर तासभर बोललं आणि कॅसेट कोरीच गेली होती. इरमने थोडी मागे फिरवून लावली. आईचा आवाज नीट आला होता. "ये घरी, बाबा." खट्.

आणि पुढे धप.

"अगो अम्मा! ह्या बाजूला पण हाय गाणा!" इरमने कपाळाला हात लावला. "आपण त्याच्या अल्बमवरच भरला!"

आसिया काही बोलणार तोच ती धप धप सावकाश झाली. पहिल्या बाजूवर असं सावकाश काहीच नव्हतं. मग कुणीतरी खाकरलं.

"झैन बाबा, आवाज येतोय काय?"

आप्पांनी कप खाली ठेवला.

आवाजामागे भांडं पडल्याचा आवाज होता आणि लांबून कोंबडी. या ओटीवरचीच कोंबडी. मग वाजणं पूर्ण थांबलं. अली थांबायचा तेवढाच वेळ पोराने थांबू दिलं होतं. आसियाच्या तोंडून जबाब निघणार, एवढ्यात टेपमधून एकच ठोका पडला. खोल आणि भरदार. मग दुसरा. येतोय, अब्बा. येतोय. असंच काहीसं.

कॅसेट संपेपर्यंत तिघंही हलली नाहीत. आसिया रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. दोन वर्षं तिने जो आवाज घरभर शोधला तो पोराने तिकडे जपून ठेवला होता. त्याला सलाम करायला जमलं नाही असं नव्हतं. त्याने स्वतः बोलायच्या जागी बापाला बोलू दिलं होतं.

"काय बोलले गो मी त्याला?" ती म्हणाली. "पुरुष माणसाचा आवाज नाय बोलले. नाय आवडला बोलले."

"फोन करूया," इरम म्हणाली. "ही कॅसेट आपल्याकडंच ठेव. अब्बांचा आवाज हाय तिच्यात."

"फोनवर नाय जमायचा. त्याचा आवाज ऐकला की मी 'ये' बोलेन." आसियाने टेप स्वतःकडे ओढली. "नि सही त्याला ह्याच आठवड्यात करायची हाय. माझा बोलणा जितं सुरू होता तितं नेऊन लाव. मी भरते."

"अम्मा, तुझ्या बोलण्याला लागूनच अब्बा हायत. पुढं गेलीस तर पुसले जातील."

"ठाव हाय."

सगळ्यांची मतं तिने राहू दिली. यासीनभाईंचं इंजिन, रुबिनाचं बाळ, सगळं. ज्याचं त्याने बोलावं. फक्त स्वतःचं पुसायचं होतं. उभ्या जन्मात त्या यंत्राला हात न लावलेल्या बाईने दोन्ही बटणं एकदम दाबली.

"झैन, मी अम्मा. ऐकला. मना त्याच्यातला काय कळत नाय. पण अब्बांना जागा दिलीस, बरा केलास. सही कर. अजून कर."

एवढंच. पण आधीचं बोलणं लांबलचक होतं, आणि टेप आत्ताच बंद केली असती तर या शब्दांमागोमाग 'ये घरी, बाबा' तसंच ऐकू गेलं असतं. म्हणून ती बंद करायच्या बटणावर बोट ठेवून गप्प बसून राहिली. टेप फिरत राहिली. ओटीवरची शांतता तिच्या विनवणीवर चढत गेली. कावळा ओरडला. खाडीतून एक होडी गेली. आप्पांनी नाक ओढलं. खोली झाडून ठेवल्याचं गेलं, सही करू नको गेलं. ये घरी जात असेल आता, असं तिच्या मनात आलं, आणि ते पुरतं गेल्यावरही टेप बंद करायला तिचं बोट रेटेना.

इरमने "अम्मा!" म्हटलं तेव्हा तिने बटण दाबलं.

मागे फिरवून ऐकलं. सही कर. अजून कर. मग ती लांब शांतता. आणि मग, खाकरणं नाही, हाक नाही, एकदम,

"...आवाज येतोय काय?"

"नाव गेला," इरम हळूच म्हणाली. "झैन बाबा, गेला."

"त्याच्याकडं हाय पुरा," आसिया म्हणाली. "आपल्याला धाडेल दुसरी."

अमन बॅग घेऊन दारात आला. रिक्षा बाहेर थांबली होती. इरमने कॅसेट काढून रुमालात गुंडाळली, पण बॅगेत जागा उरली होती ती फक्त सोड्यांच्या पुडक्याजवळ.

"अम्मा, वास लागेल कॅसेटला."

आसियाने रुमाल सोडवून घेतला, डोळ्यांना लावला आणि कॅसेट तशीच पुडक्याला टेकवून ठेवली.

"लागू दे," ती म्हणाली.