बोटांनी चढायची शिडी

मी एक जुनी शिडी आहे, पण माझ्यावर आजवर एकही पाय पडलेला नाही. मित्रांनो, माझ्यावर चढतात ती बोटं. एका सुताराने दाराच्या उरलेल्या लाकडातून वीतभर रुंदीची फळी काढली, तिला करवतीने तीस खाचा पाडल्या, प्रत्येक खाचेशेजारी आकडा रंगवला आणि व्यायामाच्या या खोलीत मला भिंतीवर पक्कं बसवून टाकलं. ज्यांचा खांदा आखडला आहे ते माझ्यासमोर उभे राहतात आणि एकेका खाचेत बोटं टेकवत हात वर नेतात. हात अडला की तिथला आकडा व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम वहीत लिहितात.

माझा स्वभाव भारी चौकस. कोण आलं, कुठे दुखतं, कशाने दुखलं, याकडे माझं सारखं लक्ष. एक आचारी यायचा. त्याचं कोपर बाहेरच्या बाजूने ठणकायचं. याला टेनिस एल्बो म्हणतात असं कळल्यावर तो म्हणाला, की मी जन्मात रॅकेट धरलेली नाही. मॅडम म्हणाल्या, झारा धरलात ना, तेवढं पुरे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं बोट एकदा मिटलं की उघडायचंच नाही, आणि उघडलं तर टक्कन उघडायचं. एक शाळकरी मुलगी घसरून पडली ती तळहातावर, आणि मोडलं मात्र मनगट. पडताना हात पुढे करायला कुणी शिकवत नाही, तरी सगळे करतात. मला याचं अजून नवल वाटतं.

पण मला खरं कोड्यात टाकलं ते वाहतूक पोलिसातल्या एका हवालदारकाकांनी. त्यांचा उजवा खांदा आधी नुसता दुखत होता. दुखतो म्हणून त्यांनी हात अंगाशी धरून ठेवला, आणि जितका धरला तितका तो आखडत गेला. शेवटी त्यांना केससुद्धा विंचरता येईनात. काकू त्यांना सदरा चढवायच्या, तोही दुखरा हात आधी बाहीत घालून. चौकात गाड्या थांबवायच्या तर हात सरळ वर जायला हवा. सहा आठवड्यांनी साहेबांसमोर तो वर करून दाखवायचा होता. जमलं तर चौक, नाहीतर कायमचं कचेरीतलं टेबल. वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला टेबल म्हणजे शिक्षाच की.

पहिल्या दिवशी काकांची बोटं अकराव्या खाचेत अडली. दुसऱ्या आठवड्यात सतरा झाले, तिसऱ्यात बावीस. सगळी खोली वाहवा करू लागली. मॅडम एका वेळी तिघांना बघत असत, त्यामुळे त्या लांबूनच आकडा विचारत आणि लिहून घेत. खरं सांगते, मीही मनातून फुगले होते. एवढ्या झपाट्याने कुणाला वर चढवल्याचं मला आठवत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात काका तोंड पाडून आले. सकाळी हौसेने ते चौकात उभे राहिले होते. हात अर्धवटच वर गेला, कानापर्यंतही नाही. ते पाहून एका बसवाल्याला वाटलं, हे आपल्याला या म्हणताहेत. त्याने बस पुढे काढली आणि रस्ता ओलांडणारी शाळेची दोन मुलं थोडक्यात वाचली. हे सांगून काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही शिडीच खोटी आहे, मॅडम," ते म्हणाले. "इथे बावीस दाखवते आणि चौकात तोंडघशी पाडते."

मला ते फार लागलं. माझे आकडे तर जागचे हलले नव्हते. मग बोटं वर पोचली कशी?

मॅडमही बुचकळ्यात पडल्या. खांदा तसाच आणि आकडा वरचा, म्हणजे मधली उंची दुसरीकडून येत असणार. त्यांनी वहीची दोन पानं फाडली, काकांच्या दोन्ही टाचांखाली एकेक सरकवलं आणि खाली बसून पानांची टोकं धरली. बोटं चौदापर्यंत चढली. पंधरावर जाताच दोन्ही पानं मॅडमच्या हातात अलगद निघून आली.

काकांनी वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. आपण टाचा उचलतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. उंच बसच्या पलीकडचं दिसावं म्हणून वीस वर्षं ते चौकात टाचा उंचावत आले होते, त्यामुळे हात वर म्हटलं की टाचाही वर जायच्या. टाचा फसवत होत्या आणि मालकालाच पत्ता नव्हता.

"चूक माझीही आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "मी आकडा पाहिला, तुम्हाला पाहिलं नाही."

उरलेल्या दिवसांत काका टाचा टेकवून कसेबसे सोळावर पोचले. मग परीक्षेचा दिवस आला. साहेबांच्या खोलीत भिंतीवर खूण केली होती, तिला बोटं लागली की झालं. साहेब टेबलामागे बसलेले, त्यांना पाय दिसतही नव्हते. टाचा उचलल्या असत्या तर काका सहज पास झाले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळं मॅडमना सांगितलं.

"मी म्हटलं, साहेब, हात अजून जात नाही. अर्ध्या हाताने मला त्या पोरांसमोर उभं राहायचं नाही. दोन महिने द्या."

साहेबांनी दोन महिने दिले, तेही टेबलावर.

त्या दोन महिन्यांत खोलीत दोऱ्या आणि चाकं असलेलं नवं यंत्र आलं. लोक तिकडे वळले आणि माझ्या खाचांवर टॉवेल वाळू लागले. काका मात्र रोज आधी टॉवेल बाजूला करायचे आणि मगच सुरुवात करायचे. त्यांची बोटं कळ सोसत एकेक खाच चढायची, आणि माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

मित्रांनो, खांदा दुखला तर लपवू नका, आणि दुखतो म्हणून हात बांधूनही ठेवू नका. जाणत्या माणसाला दाखवा. हात कुठवर जातो असं कुणी विचारलं, तर खरा जातो तिथवरच सांगा. लहान आकडा सांगायला लाज वाटते, मला ठाऊक आहे. पण खरं कळलं तरच कुणी तुम्हाला मदत करू शकतं.

मुदत संपली त्या सकाळी काका गणवेशात आले. बोटं सव्वीसवर टेकली आणि टाचा जमिनीवरच राहिल्या. मग ते वळले, खोलीच्या मधोमध गेले आणि त्यांनी हात सरळ वर केला. नेमक्या तेव्हाच मॅडम एका आजींची चाकाची खुर्ची ढकलत दारातून आत येत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या. आजींनी तर पायही आत ओढून घेतले.