एका अंगानं पांढरी

एक होता रंगारी. एक होती त्याची बायको. एक त्यांची लेक, आणि एक त्या लेकीची आजी. एकमेकांवर जीव टाकणारी माणसं, पण दोघं पाण्यावर आणि दोघी जमिनीवर. आणि त्यांच्या मधोमध आडवी उभी मी.

मी बोट बोलतेय. मालाची नव्हे हो, माणसांना मजा म्हणून समुद्रावर फिरवून आणणारी. चौदा मजली. माझ्याकडे बघायला मान वर केली की लोकांच्या टोप्या पडतात. पोटात काचेच्या लिफ्ट, हंड्याझुंबरं, आणि डोक्यावर पोहायचा तलाव. आता मला सांगा, खाली एवढा समुद्र पसरलाय, तर वर तलाव कशाला? पण विचारतंय कोण मला! माणसं येतात, त्या तलावात डुंबतात, समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात, आणि उतरताना म्हणतात, "समुद्र काय सुंदर होता!" कधी बघितलात हो?

मला घडवलं तेव्हा शेकडो माणसं माझ्या अंगावर ठिणग्या उडवत होती. तेव्हा मी तांबूस, ओबडधोबड होते आणि सुखात होते. पांढरा रंग चढला आणि माझ्यामागं दिसण्याची कटकट लागली. लोखंडाचं आणि खाऱ्या पाण्याचं जन्माचं वैर. महिनाभरात खिडक्यांखाली गंजाचे ओघळ येतात, रडून काजळ उतरावं तसे. म्हणून तो रंगारी.

दर महिन्याला मी त्याच्या गावाला लागते. सकाळी येते, संध्याकाळी निघते. तेवढ्यात नवराबायको घरी जाऊन येतील की नाही? नाही! चालत्या बोटीला बाहेरून रंग लावता येत नाही, तो धक्क्याला उभी असतानाच. आणि त्याच दिवशी जुने पाहुणे उतरून नवे चढतात, म्हणजे चादरी-टॉवेलांचा डोंगर बायकोच्या पुढ्यात, अगदी तळाच्या धुलाईखान्यात. तिथं खिडकीसुद्धा नाही.

मग आजी नातीला घेऊन धक्क्याच्या जाळीपाशी येऊन उभी राहायची.

"आजी, ती बघ लाल टोपी!"

दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून रंगारी ब्रश हलवायचा. खालून पोर हात हलवायची. झाली भेट! पाच वर्षं त्यांची हीच भेट. पोर आता सात वर्षांची. मागच्या खेपेला तिनं हात हलवला नाही. आजीचा पदर ओढून म्हणाली, "बाबा जवळून कसे दिसतात गं?" आजी एरवी बोलायला कुणाला हार जाणारी नव्हे, पण त्या दिवशी तिनं पोरीला नुसतं उचलून जाळीशी धरलं. मला तर माझ्या चौदा मजल्यांची किळस आली.

माझी देखभाल बघणाऱ्या साहेबाला रंगाऱ्यानं तीनदा विनवलं होतं. "साहेब, गोदीत जमिनीवरचं काम द्या. पोर मला ओळखेनाशी होईल."

साहेब म्हणायचा, "तू गेलास तर हिचं तोंड कोण रंगवणार?"

हिचं म्हणजे माझं. ते तरी धड रंगवावं! साहेबाचा हुकूमच होता, धक्क्यावरून दिसते तेवढीच बाजू रंगव. मला कुठंही डाव्या अंगानंच धक्क्याला लावायचे. पाच वर्षं माझ्या डाव्या अंगाला रंगाचे हातावर हात चढले आणि उजवं गंजत राहिलं. रंगारी म्हणायचा, "साहेब, ही बाजूसुद्धा..." साहेब म्हणायचा, "तिकडं मासे बघतात."

मग आला तो दिवस. जाहिरातीसाठी माझा फोटो काढायचा होता. खुद्द मालकीणबाई फोटोवाल्याला घेऊन धक्क्यावर उभ्या. आणि सकाळपासून वारा असा सुटला, की कप्तानानं मला वळवून उजव्या अंगानं धक्क्याला लावलं.

रंगाऱ्याला कुणी काही सांगितलंच नाही. त्याचे दोर आदल्या दिवशीच डावीकडे बांधलेले. तो सवयीनं खालमानेनं फळीवर बसून उतरला, ब्रश बुडवला, हात हलवायला मागं वळला, तर धक्का कुठाय? नुसतं पाणी!

इकडे धक्क्याच्या बाजूला खिडकी-खिडकीखाली तांबडे ओघळ. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. तेवढ्यात जाळीपलीकडून पोरीचा आवाज आला, "आजी, ही आपली बोट नाही. आपली पांढरी आहे. आणि बाबा पण नाहीत!" आणि तिनं भोकाड पसरलं.

साहेब वरून ओरडला, "कुठाय तो रंगारी? पाच वर्षं झोपा काढल्या यानं!"

मग आजीचा तोल सुटला. जाळीला दोन्ही हातांनी धरून ती गरजली, "अहो साहेब, माझ्या लेकाला कामचोर म्हणताय? एका गालाला पावडर लावायचा हुकूम तुम्हीच दिलात ना? त्यापायी ही पोर बापाला टोपीवरून ओळखते, टोपीवरून!"

मालकीणबाईंनी रंगाऱ्याला खाली बोलावलं. "खरं आहे हे?"

तो म्हणाला, "खरं आहे, बाई."

"आता कुठून सुरुवात करायची हिला?"

साहेब कागद चाळायला लागला. रंगारी मात्र माझ्याकडे न बघताच सांगू लागला, "आधी स्वयंपाकघराचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाखाली, तिथं पत्रा पातळ झालाय. मग नांगराची साखळी घासते तिथं. मग मागच्या दाराचे कोपरे. पण पाण्यात नाही व्हायचं, बाई. हिला कोरड्या गोदीत घ्यायला हवं."

एवढं माझं दुखणं कुणी कधी ओळखलं नव्हतं.

आता मी त्याच गावच्या गोदीत कोरडी उभी आहे. झुंबरं झाकलेली, तलाव रिकामा. अंगावरचा रंग खरवडताहेत, रूप म्हणाल तर पार गेलंय. लोक लांबून बघून नाक मुरडतात. मुरडा! पुन्हा पांढरी होईन तेव्हा या, पण मेहेरबानी करून माझ्याभोवती एक पुरी चक्कर मारा.

मालकीणबाईंच्या हुकमानं रंगारी गोदीचा मुकादम झाला, कायमचा, जमिनीवर. रंगाऱ्यांचे कपडे धुवायचं काम बायकोला मिळालं, उघड्या अंगणात. दुपारी आजी डबा घेऊन येते आणि माझ्या सावलीत चौघं गोल करून जेवतात.

पहिल्याच दुपारी बापानं लाल टोपी काढून बाजूला ठेवली. पोर घास हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मग त्याच्या मागं जाऊन तिनं हळूच बोट टेकवलं आणि ओरडली,

"आजी, बाबांच्या कानामागं तीळ आहे!"