संत मेलांद्रोच्या हातातलं चीज

एजिदिओच्या डाव्या गालावरून वस्तरा फिरून झाला होता, उजवा गाल अजून फेसात बुडालेला होता, आणि नेमक्या त्याच वेळी उन्हाने टोमॅटोसारख्या लाल झालेल्या दोन डच बायका सलूनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओरेस्तेने वस्तरा पुसला आणि खिळ्यावरची हातभर लांब लोखंडी किल्ली उतरवली. समोरच्या चर्चच्या दारावर पाटीच होती, किल्लीसाठी न्हाव्याकडे विचारावे.

"तू बस," तो एजिदिओला म्हणाला. "संतांकडे पाहुणे आलेत."

एजिदिओ कसला बसतोय. गळ्यात टॉवेल, अर्धा चेहरा पांढरा, अशा अवतारात तोही निघाला. तो खालच्या पोज्जोल्मो गावचा. तिथेही न्हावी होता, आणि बरा होता म्हणतात. पण त्या न्हाव्याशी भांडायला काही विषयच नव्हता. म्हणून गेली कित्येक वर्षं दर शनिवारी हा गडी डोंगर चढून कास्तेल्रोवोला यायचा, दाढी करून घ्यायचा आणि ओरेस्तेशी वाद घालून तरतरीत होऊन परत जायचा.

चर्च एवढंसं. डावीकडच्या भिंतीवर गावच्या संत मेलांद्रोचं जुनं चित्र होतं, मेणबत्त्यांच्या धुराने इतकं काळवंडलेलं, की संतांची दाढी कुठे संपते आणि झगा कुठे सुरू होतो ते कळू नये. स्पष्ट दिसायचं ते एकच. पुढे केलेल्या उजव्या हातात काहीतरी गोल, थोरल्या ताटाएवढं.

"चीज," ओरेस्ते म्हणाला आणि त्याने दोन्ही बाह्या वर सारल्या.

भाषेची अडचण त्याला कधी आली नव्हती. दोन हात आणि भुवया त्याला पुरत. तर काय झालं, की एका वर्षी लुटारू सैन्य घेऊन एक सरदार हा डोंगर चढून आला. (डच बायकांसाठी तो सरदार स्पॅनिश होता. जर्मनांना तो फ्रेंच असल्याचं सांगितलं जाई, फ्रेंचांना जर्मन, आणि पाहुणे रोमचे असले तर सरदार सरळ पोज्जोल्मोचा.) गावात ना तलवार, ना तोफ. संतांनी तळघरातून मेंढीच्या दुधाच्या चीजचं वर्षभर मुरलेलं चाक आणलं, दगडासारखं टणक, आणि वेशीतून उतारावर सोडलं. चाकाने आधी घोडा पाडला, मग सरदार, मग ढोलवाला. ढोल फुटला तो आवाज तीन गावांत गेला. तिथून ते नदीवरून उडालं आणि पलीकडे पोज्जोल्मोच्या पंचांची सभा भरली होती तिच्या मधोमध जाऊन आदळलं. तेव्हापासून तिथली माणसं जरा सावकाश विचार करतात.

"जातं आहे ते," फेसातून एजिदिओ म्हणाला. "गिरणीचं जातं. आमच्या गिरणीचं. डोळे असलेल्या कोणालाही दिसेल."

"बघितलंत?" ओरेस्तेने पाहुण्यांना एजिदिओ दाखवला. "अजून परिणाम आहे."

डच बायका हसून हसून आणखी लाल झाल्या आणि जाताना चौकातल्या दुकानातून एकेक चीजचं चाक घेऊन गेल्या.

ही झाली नेहमीची गोष्ट. गावाचा सगळा डोलारा त्या गोल वस्तूवर उभा होता. मे महिन्यात संतांचा सण आला की चर्चच्या दारापासून खालच्या ओढ्यापर्यंत चीजची चाकं पळवायची शर्यत लागे. चाकाभोवती चामड्याचा पट्टा गुंडाळायचा, त्याचं टोक मनगटाला, धावत यायचं आणि झटका देऊन सोडायचं. कमीत कमी फेकींत जो ओढा गाठेल, चीज त्याचं. कुठून कुठून लोक बघायला येत. त्यांना किल्ली दाखवून, बाह्या सारून गोष्ट सांगायचा मान ओरेस्तेचा. लग्नात तो इतका नटला नव्हता जितका त्या दिवशी नटे. असं त्याची बायको नेरीना म्हणे, आणि ती लग्नाला हजर होती.

मग वसंताच्या सुरुवातीला फादर उबाल्दोंनी सांगितलं, की चित्र साफ होणार. शहरातून एक जाणकार मुलगी येतेय, सणाच्या सकाळी पडदा उघडायचा. गावाने टाळ्या वाजवल्या. फादर पाच गावांचं एकटे बघत, छोट्या गाडीतून घाईघाईत येत आणि घाईघाईत जात. पण त्या दिवशी ते मुद्दाम सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसले आणि गळ्याला वस्तरा लागलेला असताना मोठ्या धैर्याने बोलले. आजवर तुला काही म्हटलं नाही, ते म्हणाले, कारण मलाही माहीत नव्हतं. आता कळेल. जे निघेल तेच पाहुण्यांना सांगायचं, वर एक शब्द नाही. चीज निघालं तर चीज. जातं निघालं तर जातं. दे वचन.

ओरेस्तेने दिलं. चीजच निघणार याची त्याला खात्री होती, म्हणून बेधडक दिलं. फादरांची गाडी वळणाआड गेली आणि खात्री तिच्यामागोमाग उतारावरून गेली.

कारण जातं निघालं तर? तर याच चर्चमध्ये, याच किल्लीने दार उघडून, स्वतःच्या तोंडाने त्याला मरेपर्यंत म्हणावं लागणार होतं, की हे खालच्या गावच्या गिरणीचं जातं. तेही शनिवारी, एजिदिओच्या देखत.

"तू त्या संतांपेक्षा काळा पडलायस," एके दुपारी जेवताना नेरीना म्हणाली.

"मला काळजी नाही. मला माहीत आहे ते चीज आहे."

"मग पास्ता का गार होतोय?"

मुलगी आली. तिचं नाव लुदोविका. तिने भिंतीला परांची बांधली, पुढे पडदा सोडला आणि कापसाच्या बोळ्यांनी संतांना पायांकडून पुसायला घेतलं. ओरेस्ते तिसऱ्याच दिवशी पडद्याबाहेर हजर. नेरीनाने सोललेल्या कोवळ्या घेवड्याच्या बिया आणि सोबत चीज. त्या दिवसांत आमच्याकडे सगळेच तेच खातात, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चीज. त्याच्याही पुढच्या दिवशी चीज कापून न आणता अख्खं चाक आणलं आणि ते हातात धरून, हात पुढे करून, तो जरा वेळ तिच्यासमोर उगाच उभा राहिला.

"सिन्योर ओरेस्ते," ती परांचीवरून म्हणाली, "तुम्ही मला खाऊ घालताय, की माझ्या डोळ्यांना सवय लावताय?"

बातमी दरीत पोचायला वेळ लागत नाही. पोज्जोल्मोहून रोज गरम पाव येऊ लागला. पाव गिरणीच्या पिठाचा आहे आणि गिरणीला जातं असतं, हे सांगायला एजिदिओ जातीने बरोबर. लुदोविका पाव उभा चिरी, आत चीज घाली आणि दोन्ही गावं एका घासात खाई. महिन्याभरात तिला परांची चढताना धाप लागू लागली, पण तोंडातून अक्षर निघालं नाही. विचारलं तर म्हणायची, अजून हातापर्यंत आले नाही.

मग एक दिवस ती हातापर्यंत आली. ते ओरेस्तेला असं कळलं, की तिने त्या दिवशी चीजही घेतलं नाही आणि पावही. नुसती त्याच्याकडे बघून हसली, आणि ते हसणं त्याला अजिबात आवडलं नाही.

सणाच्या सकाळी चर्चमध्ये मुंगीला जागा नव्हती. कास्तेल्रोवो डावीकडे, पोज्जोल्मो उजवीकडे, मधे पाहुणे. एजिदिओ सूट घालून आला होता आणि दाढी त्याने घरीच केली होती, हे गावाने शुभ मानलं नाही. फादरांनी प्रार्थना आटोपती घेतली आणि लुदोविकाने दोरी ओढली.

आधी सगळ्यांना निळा रंग दिसला. कोणाला ठाऊकच नव्हतं, की आपल्या संतांचा झगा निळा आहे. मग चेहरा, साठीचा, मिश्कील, गाल उन्हाने रापलेले, अगदी आपल्यातला. मग हात.

हात रिकामा होता.

लुदोविका हळू आवाजात समजावू लागली. तिथे भिंतीला ओल आली होती. कोण्या काळी एका गवंड्याने चुन्याचा गोल गिलावा थापून ती बुजवली, आणि धुराने तो काळा पडला. खाली चित्र शाबूत होतं. हातात कधीच काही नव्हतं. जाणकार म्हणतील, संत आशीर्वाद देताहेत.

डावीकडची सगळी डोकी ओरेस्तेकडे वळली. हा माणूस गप्प बसणं म्हणजे काय, ते गावाने पाहिलंच नव्हतं. फादर त्याच्याकडे बघत होते. त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. बाह्या सारल्या नाहीत.

"हात रिकामा आहे," तो म्हणाला. मधल्या पाहुण्यांना उद्देशून म्हणाला, कारण ते त्याचं काम होतं. आणि थांबला.

मागे एक बाई डोळे पुसू लागली. एजिदिओ जागचा हलला. त्याचंही जातं गेलं होतं. पण तो हाताकडे बघत नव्हता, तो ओरेस्तेच्या न सारलेल्या बाह्यांकडे बघत होता. त्याने टाय सैल केला आणि गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेला.

"आशीर्वाद?" तो म्हणाला. "पोरी, आशीर्वाद देताना माणूस पाय एवढा पुढे टाकतो? झगा बघ, मागे उडालाय. मनगट बघ, खाली वळलंय. बोटं बघ."

"मग?" लुदोविका म्हणाली.

"मग काय मग. मी तीस वर्षं या गावात चाक फेकायला येतोय आणि हरतोय, मला विचार. हात असा कधी होतो? सोडल्यावर." त्याने घसा खाकरला. पुढचं बोलणं त्याला किती जड गेलं, ते फक्त ओरेस्तेला कळलं. "त्यांनी आत्ताच फेकलंय."

डावीकडच्या एका म्हाताऱ्याने, मग दुसऱ्याने, मग सगळ्या कास्तेल्रोवोने आणि थोड्या लाजत पोज्जोल्मोनेही उजवा हात पुढे करून मनगट वळवून पाहिलं. चर्चभर हातच हात. आणि आमच्याकडे पाळण्यातलं मूलही सांगेल, की ती फेक होती, आणि चांगली होती.

"फादर," ओरेस्ते म्हणाला, "मी वर एक शब्द बोललेलो नाही."

"मी ऐकतोय," फादर म्हणाले आणि त्यांनी रुमालात तोंड लपवलं. ते रडत होते की हसत होते, यावर अजून दोन मतं आहेत.

शर्यत त्या वर्षी तासभर उशिरा सुरू झाली, कारण चीज गेलं कुठे यावर दारातच भांडण जुंपलं. संतांची नजर दारातून थेट दरीत, नदीपलीकडे जात होती, म्हणजे पोज्जोल्मोवर. एजिदिओने लगेच जाहीर केलं, की आमच्या गिरणीचं जुनं जातं मधोमध तडकलेलं आहे ते उगाच नाही, आणि आमच्या हद्दीत पडलेलं चीज आमचं. कास्तेल्रोवोने ते परत मागितलं. मेयरना मध्ये पडावं लागलं. लुदोविकाला दोन्हीकडच्यांनी जेवायला ओढून नेलं, आणि संध्याकाळी गाडीत बसताना तिच्या मांडीवर पाव होते, चीज होतं, आणि गाडीचा सीटबेल्ट तिला पुरत नव्हता. एजिदिओ शर्यत नेहमीप्रमाणे हरला. त्याचं चाक सरळ एका कोंबड्यांच्या खुराड्यात गेलं. ओरेस्तेने त्याची भर चौकात खुर्ची मांडून फुकट दाढी केली, घरी केलेली अगदीच वाईट होती म्हणून.

सण संपला, पाहुणे पांगले. ओरेस्तेने वचन पाळलं. सरदार, घोडा, ढोलवाला यांना त्याने कायमची रजा दिली, आणि पहिले काही दिवस तो चर्चमधून परतला की नेरीना त्याच्यापुढे न विचारता वाइनचा पेला ठेवी.

जूनमध्ये ट्युरिनहून एक जोडपं आलं, साठीच्या पुढचं. नवरा लगेच फोटो काढू लागला. बाई चित्रासमोर उभी राहिली.

"हातात काही नाही का?" तिने विचारलं.

"हात रिकामा आहे," ओरेस्ते म्हणाला, आणि दारात जाऊन उभा राहिला.

बाई बराच वेळ बघत राहिली. मग तिचा उजवा हात, तिच्या नकळत, हळूहळू वर आला. तिने एक पाय पुढे टाकला. मनगट खाली वळवलं, बोटं उघडली, आणि संतांच्या नजरेच्या रोखाने मान वळवून तिने उघड्या दाराकडे पाहिलं.

ओरेस्ते दाराच्या चौकटीतून पटकन एक पाऊल बाजूला सरकला. वाट मोकळी हवी.