पोत्याखालची मशीन

खरं तर हे मी सांगायचं नाही असं ठरलंय. महेंद्रदादांनी पुण्याच्या साहेबांना सांगून टाकलंय, की मी भंगारात गेले. म्हणून हळू बोलते. मी एक जुनी कॉम्प्युटर मशीन. शिक्रापूरला दादांच्या वजनकाट्यावर कामाला आहे, आणि आत्ता अंगावर पोतं घेऊन बसले आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. डबा एका कंपनीचा, पडदा दुसरीचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एवढंच माझं रूप. पंच्याण्णव साली दादांनी मला इथं आणलं. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, ती रिकामी झाली की पुन्हा घ्यायचं, वजाबाकी करायची आणि चिठ्ठी छापायची. दादांची बहीण करुणाताई मला चालवते. रागावली की मला म्हातारी म्हणते, बटणं जोरात दाबते, पण मनात काही ठेवत नाही.

माझ्यात खोट आहे हे मला साहेबांकडून कळलं. ते मशीन आणि प्रोग्राम विकतात. दिवाळी झाली की येतात आणि वैद्यासारखं तोंड करून मला बघतात. एकदा म्हणाले, हिची मेमरी कमी आहे. वाढवली. मग म्हणाले, प्रोग्राम जुना झाला. बदलला. नव्व्याण्णव साली म्हणाले, दोन हजार साल लागलं की हिला तारीख समजणार नाही, ही वेडी होईल.

"नव्या मशीनीत वजाबाकी येगळी हाय का?" करुणाताईनं विचारलं.

"वजाबाकी तीच, मॅडम. पण जुन्याचा सपोर्ट बंद होतोय."

"म्हंजी तुम्ही फोन उचलणार न्हाई?"

"नव्या मशीनसाठी उचलू."

"आन् आत्ता कवा उचलता?"

साहेबांनी दादांना बाजूला घेतलं आणि रांजणगावच्या काटेवाल्यानं नवी घेतलीसुद्धा, असं सांगितलं. तिथं दादा विरघळले.

नवी आली. तिला धूळ चालत नाही, म्हणून काचेची खोली, एसी, आणि दाराला पाटी: पायताण बाहेर काढावे. जुनी मशीन काट्याला जोडलेली दिसली तर वॉरंटी रद्द, असंही साहेबांनी बजावलं.

आता चिठ्ठीसाठी ड्रायव्हरला आत जावं लागे. "मी काय देवळात आलोय व्हय?" असं म्हणत पोपटराव ड्रायव्हरांनी बूट काढले. बंद खोली आणि दोन दिवसांचे मोजे. करुणाताई नाकाला ओढणी लावून बाहेर पळाली. बाकीचे ड्रायव्हर बूट काढण्यापेक्षा पुढच्या काट्यावर जाऊ लागले. रांग आटली. काटा बंद पडला तर घर कशावर चालायचं, या काळजीनं दादांना जेवण जाईना.

शेवटी ताईनं मला खिडकीशी मांडलं आणि काट्याची वायर जोडली. ड्रायव्हर बुटांसकट बाहेरूनच चिठ्ठी घेऊ लागले. दोन हजार साल लागलं, तेव्हा मी सालाच्या जागी दोन शून्यं छापली. कुणी वाचलीसुद्धा नाहीत. गाड्या परतल्या. नवी मशीन कव्हर घालून एसीत झोपते. दुपारी दादाही तिथंच झोपतात.

आज साहेबांची गाडी दिसली तशी ताईनं वायर नव्या मशीनला लावली आणि माझ्यावर पोतं टाकलं. साहेब बाहेरची रांग बघून खूश झालेत.

"बघा महेंद्रराव, आमच्या मशीननं धंदा कसा वाढवला. आता एवढा लोड तिला झेपणार नाही. सर्व्हर घ्या."

आणि दादा मान हलवतायत. काट्याची कमाई पुन्हा काचेआड जाणार, असं वाटत असतानाच खिडकीत पोपटराव उगवले.

"ताई, जुनी कुठं गेली? मी आज बूट काढणार न्हाई, आधीच सांगतो."

"जुनी कुठली?" साहेब वळले.

दादा छताकडे बघायला लागले. ताईनं बाहेरच्या रांगेकडे बघितलं, माझ्यावरचं पोतं ओढलं आणि घडी करून साहेबांच्या हातात दिलं. "धरा जरा," म्हणाली, आणि वायर काढायला गेली.

साहेब पोतं धरून उभे आहेत. तेवढ्यात माझी विनंती ऐकून घ्या. कुणी तुम्हाला नवं विकायला आलं, तर आधी त्याला आपल्या काट्यावर दिवसभर उभं करा आणि मग विचारा, की आमचं नेमकं काय अड...

"ए म्हातारे, गाडी चढली काट्यावर. चल."